काजळी कोण करता?

शाबी मेस्ताकडे गाडी नेली आणि तिला काय झालंय ते सांगायला तोंड उघडलं, की तो हात वर करायचा. वाहतूक पोलीस थांबवतो तसा.

"काय झाला ता माका सांगा नको," म्हणायचा. "सकाळधरून गाडी खय खय गेली, ता सांग."

लोक वैतागायचे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, गाडी जोर धरत नाही, मागून धूर येतोय, आणि हा विचारतो सकाळी पहिली फेरी कुठे, मध्ये थांबला कितीदा, थांबल्यावर इंजिन बंद केलं की चालू ठेवलं, चढणीला कोणता गिअर टाकला. काही जण अर्ध्यावरच गाडी फिरवून निघून जायचे. तो कुणाला थांबवत नसे. जे थांबायचे त्यांचं सगळं ऐकून घ्यायचा, पण त्यांच्या तोंडाकडे न बघता. त्याची नजर बॉनेटवर असायची. बोलायचा तोही गाडीकडे बघूनच. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईमाणूस म्हणून संकोचतोय. नंतर कळलं की तो पंचायतीच्या सरपंचाशीही असाच बोलतो.

उंच, काटकुळा माणूस. साठीच्या अलीकडे-पलीकडे. भर उन्हाळ्यातही सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. तापलेल्या सायलेन्सरने हातांवर इतके डाग पडले होते की ते त्याला कुणाला दाखवायचे नव्हते. वरच्या खिशात पेन असावं तिथे कपडे धुवायच्या निळ्या साबणाचा तुकडा. पाइपातून हवा कुठे सुटते ते बघायला साबणाचा फेस, आणि काम झाल्यावर हात धुवायलाही तोच साबण. त्याच्या अंगाला डिझेलचा वास कधी येत नसे. साबणाचा यायचा.

मूळचा दोडामार्गाकडचा, आडनाव गवस. बाविसाव्या वर्षी डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवर ट्रकांच्या कामाला आला आणि खाणी बंद झाल्यावर इथेच राहिला. बरोबरीचे मेस्त गावी परत गेले, कुणी दुबईला गेले. याने डिचोलीहून नार्व्याला जाणाऱ्या वाटेवर काजूच्या झाडांपाशी पत्र्याची शेड घेतली. बाजूला लागून एक खोली. शेडवर पाटी नव्हती. "पाटी वाचून येणारो गिऱ्हाईक पाटी वाचून जाता," असं त्याचं म्हणणं.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती आमच्या गटाच्या व्हॅनमुळे. शाळांना दुपारचं खाणं पुरवायचं काम आमचा महिला गट करतो. पहाटे भाजी शिजते, पोदेर, म्हणजे पाववाला, पाव आणून टाकतो, आणि नऊच्या आत डबे भरून व्हॅन निघते. ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा दुसरा मिळेना, म्हणून मीच गाडी शिकले. माझं माहेर पार्से. वडील आयुष्यभर सायकलवर फिरले. त्यांच्या मुलीने डिझेलची व्हॅन हाकावी याचं आमच्या गटातल्या बायकांना माझ्याहून जास्त कौतुक होतं.

तर ती व्हॅन चढणीला मरायला लागली. पिवळा दिवा लागायचा आणि गाडी एकदम बैलगाडी व्हायची. पाय खाली दाबला तरी वेग वीसच्या वर जात नसे. दोनदा खाणं उशिरा पोचलं. दुसऱ्यांदा तर शाळेची मधली सुटी संपून गेली होती, आणि पहिलीची पोरं रिकाम्या ताटल्या मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली होती. आणखी एकदा असं झालं तर काम दुसऱ्या गटाला देऊ, असं कार्यालयातून बजावलं होतं. आम्ही नऊ बायका. त्यातल्या चौघींची घरं याच कामावर चालतात.

मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेलं. त्यांनी संगणक लावला, सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारा जो फिल्टर असतो तो भरलाय म्हणाले, साफ करून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले, फिल्टरच बदला. किंमत ऐकून मी व्हॅन घेऊन तशीच बाहेर पडले. आणि परत येताना नार्व्याच्या वाटेवर ती शाबी मेस्ताच्या शेडपासून पन्नास पावलांवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळांचं खाणं होतं.

त्याने मला सगळं सांगायला लावलं. सहा शाळा. एका शाळेपासून दुसरी दोन-तीन किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं इंजिन चालू, कारण बंद केलं तर सुरू होईल की नाही याची भीती. दुपारी बारापर्यंत घरी. चढण लागली की आवाज कसा येतो, विचारलं.

"शीळ घातल्यासारखो," मी म्हटलं. "पण डबे भरलेले आसले तरच. रिकाम्या गाडयेक येणा नाय."

तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

"ह्या तू त्या वर्कशॉपात सांगितलंस?"

"तेंनी विचारूक नाय."

शेडमध्ये एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यातून टॉवेलात गुंडाळलेला स्कॅनर त्याने काढला, गाडीला लावला, आकडे बघितले, परत गुंडाळून ठेवला. "विचारला तर हो स्कॅनर खरा सांगता," म्हणाला. "पण काय विचारूचा, ता तेका म्हायत नाय." मग बॉनेटखाली डोकं घालून टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणाऱ्या जाड रबरी नळीखाली त्याने बोटं फिरवली. हळूहळू, डोळे मिटून. एका क्लिपच्या मागे बोट थांबलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला तेलकट काळा डाग होता. मला म्हणाला, बस आणि पाय दाब. तिथे साबणाचा फेस लावला होता. मी इंजिन चढवलं तसे फेसाचे मोठेमोठे बुडबुडे फुटायला लागले.

नळीला खालच्या बाजूने बोटभर चीर गेली होती. एरवी मिटलेली. चढणीला जोर आला की उघडायची आणि हवा बाहेर जायची.

"हवा कमी, डिझेल तितक्याच," तो गाडीला म्हणाला. "मगे काजळी होतली नाय तर काय होतला? फिल्टर म्हणजे कचऱ्याचो डबो. डबो भरलो म्हणान सगळे डब्याक मारतत. काजळी कोण करता, ता कोण बघणा नाय."

हे त्याचं वाक्य मी पुढे कितीदा ऐकलं असेल. काजळी कोण करता? गाडी कुठलीही असो, धूर काळा असो, पांढरा असो, निळा असो, तो मागच्या टोकाला कधी सुरुवात करत नसे. मागे दिसतं ते पुढे घडलेलं असतं, म्हणायचा.

नळी बदलली. पण सोडताना तो म्हणाला, एवढ्याने भागणार नाही. "तुझी गाडी तापणाच नाय. दोन किलोमीटर जाता, उबी रवता. ह्या फिल्टराक महिन्यातसून दोनदा लांब फेरी होयी. पाऊण तास, एका वेगान, मध्ये थांबाचा नाय. मगे आतली काजळी आपली आपण जळान जाता."

"मी मारीन फेरी."

"तू नको. तू थांबतलंस. कोणतरी भेटतला, बोलत रवतलंस." आणि बॉनेट बंद करत म्हणाला, "मी मारतंय."

ही त्याची लांब फेरी सगळ्या डिचोलीला माहीत होती आणि तिच्याबद्दल सगळी डिचोली हसायची. लोकांच्या गाड्या घेऊन शाबी मेस्त हायवेला जातो, कोलवाळचा पूल ओलांडून, धारगळ मागे टाकून थेट पत्रादेवीपर्यंत, आणि राज्याच्या हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडून परत फिरतो. डिझेल लोकांचं. कुणी म्हणायचं, बांद्याला त्याची बाई आहे. कुणी म्हणायचं, पलीकडे दारू पोचवतो. गाडी मात्र परत यायची तेव्हा दिवा विझलेला असायचा आणि चढणीला ती पाखरासारखी उडायची, म्हणून कुणी तोंडावर बोलत नसे.

मीही पहिल्या दोन-तीन वेळा गाडी त्याच्या हवाली केली. खोटं कशाला सांगू, मनात शंका होतीच. गटाची गाडी, हिशेब नऊ जणींना द्यायचा. पण मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले ती संशयामुळे नाही. त्याआधी मोरजीच्या माणसाचा प्रसंग घडला.

हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुऊन पोचवायचा त्याचा धंदा. नुकतीच सेकंडहँड व्हॅन घेतली होती आणि तक्रार अशी की धुतलेल्या पांढऱ्या चादरींना धुराचा वास लागतो, हॉटेलवाले परत पाठवतात. मी तिथे स्टुलावर बसले होते, माझ्या गाडीचं तेल बदलायचं होतं. शाबी मेस्ताने एक पांढरं फडकं बोटाला गुंडाळलं आणि त्या व्हॅनच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवलं. बोट काळंभोर होऊन बाहेर आलं. माझ्या गाडीच्या नळकांड्यात त्याने असंच फडकं फिरवलं होतं तेव्हा ते जवळजवळ स्वच्छ निघालं होतं.

"हेच्यात फिल्टर नाय," तो म्हणाला. "डबो आसा. आत मोकळो."

आधीच्या मालकाने फिल्टर कापून, आतलं सगळं काढून, रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग करून बसवला होता. वेल्डिंग वाकडं. तिथून धूर सुटून गाडीच्या गंजलेल्या तळातून वर चादरींत शिरत होता.

मोरजीकर म्हणाला, "मग ते भोक बुजव. फिल्टर नसला म्हणून काय अडलंय? गाडी उलट बरी पळते."

"भोक बुजयतंय. पण फिल्टर बसयल्याशिवाय ही गाडी परत माझ्याकडे हाडू नको."

"तू मला शिकवतोस?" त्या माणसाचा आवाज चढला. "या तालुक्यात फिल्टर मोकळे करायला सुरुवात कोणी केली? पेडण्यापर्यंत लोक तुझंच नाव सांगतात. आणि आता साधू झालास?"

मला वाटलं, शाबी मेस्त उसळेल. तो खाली बसला. पाना हातात तसाच. मग म्हणाला, "होय. अकरा गाडयो."

मोरजीकराने भोक बुजवून घेतलं आणि निघून गेला. माझं तेल बदलायचं काम राहून गेलं, आणि मी ते काढलंही नाही. त्या आठवड्यात लांब फेरीची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "मेस्त, मी येतंय वांगडा."

तो नको म्हणाला नाही.

अस्नोडा मागे पडेपर्यंत तो गप्प होता. हायवेला लागल्यावर गाडी साठावर स्थिर केली, आणि मग बोलायला लागला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. शेडमध्ये एका वेळी चार शब्द बोलणारा हा माणूस समोर रस्त्याकडे बघत धबधब्यासारखा बोलत होता. खाणीवरच्या दिवसांचं, खनिज वाहणाऱ्या बोटीवर, बार्जीवर, जेवण रांधणाऱ्या एका म्हाताऱ्याचं, आईच्या हातच्या खतखत्याच्या भाजीचं, एका ट्रकाच्या इंजिनात निघालेल्या घुशीच्या पिल्लांचं. मध्येच म्हणाला, "आज तू आसंस म्हणान. नायतर गाडयेकडेच बोलतंय."

मी हसले. तो हसला नाही. तो खरंच सांगत होता.

कोलवाळच्या पुलावर मी विचारलं, "त्या अकरा गाडयांनंतर ता काम कित्याक सोडलास?"

तेव्हा त्याने मला शेवंतीबद्दल सांगितलं. तोपर्यंत त्याचं लग्न झालंय हेही मला ठाऊक नव्हतं.

लग्न करून तिला गावी ठेवली होती, आईपाशी. खाणीवरचा माणूस, पंधरा दिवसांनी एकदा घरी. ती म्हणायची, मला डिचोलीला घेऊन चला. तो म्हणायचा, तिथे धूळ आहे, श्वास घेववत नाही, थोडं थांब. तिची छाती लहानपणापासून नाजूक. ती थांबली. आई गेली, तरी थांबली. पोरबाळ झालं नाही. वीस वर्षांच्या वर अशी गेली. खाणी बंद झाल्या, रस्ते धुतल्यासारखे झाले, तेव्हा तो तिला घेऊन आला. शेडला लागून असलेल्या त्या खोलीत.

"पयला वर्स बरा गेला," तो म्हणाला. "ती अबोलीची झाडां लायत होती. नार्व्याच्या देवळात जाय होती. मगे नव्या गाडयो इल्यो, फिल्टराच्यो. लोक म्हणत, मोकळो कर. मी करून देय होतंय. दारातच उब्यो करून इंजिन चढवून बघय होतंय. तिका खोकलो येय होतो. माका वाटला, सर्दी."

धारगळ गेलं.

"मे महिन्यात ती खिडकी बंद करून रांधी. घामान भिजान जाय. मी जेवूक बसंय आणि म्हणंय, खिडकी कित्याक लावलंस, उकडता. ती उगडी. मी जेवान उठलंय की परत लाय. चार महिने. लांबसून इल्या गाडयेचो धूर खय सुटता ता माका वासार कळता म्हणान लोक गाडयो हाडत. आणि माझ्या घरात..."

एक दिवस तिने पिशवी भरली. भांडण नाही, रडणं नाही. भावाकडे जाते म्हणाली, थोडे दिवस. तिथून परत आली नाही. तो बोलवायला गेला की म्हणायची, मी हय बरी आसंय. तो चवथीला, गणपतीत, जायचा, सकाळच्या बसने, आणि संध्याकाळच्या बसने परत यायचा. दोडामार्ग म्हणजे डिचोलीहून तासाभराचीसुद्धा वाट नाही.

"मग तुमीच थंय जावन रवा," मी म्हटलं. मला राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

"तिच्या भावाच्या घरात मी पावणो," तो म्हणाला. "पावण्यान किती दिवस रवाचा?"

पत्रादेवीच्या अलीकडे त्याने गाडी वळवली. परतीच्या वाटेवरही बोलला, पण दुसऱ्याच गोष्टी. शेड आली आणि इंजिन बंद झालं तसा तोही बंद झाला.

त्यानंतर दोन वर्षं मी महिन्यातून दोनदा त्याच्याबरोबर जात होते. गटातल्या बायका थट्टा करायच्या. माझा नवरा म्हणायचा, बाहेरच्या माणसाचं ऐकायला तुला वेळ आहे. असेल. पण त्या पाऊण तासात मला फक्त बसायचं असायचं.

मग एका चवथीनंतर तो शेडच्या दारात उभा दिसला. माझी गाडी बिघडलेली नव्हती, मी नुसती त्या वाटेने चालले होते. त्याने हात केला. असं त्याने कधी केलं नव्हतं. मी थांबले तर बॉनेटकडे बघत म्हणाला, "शेवंती येतली म्हणता. दिवाळी झाल्यार."

मी म्हटलं, "अरे वा!"

"भावाचो झील लग्न करता. घरात जागो नाय." एवढं सांगून तो आत गेला. कारण काही का असेना, तो खूश होता. बाहीचं एक बटण उघडं राहिलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

पुढचा महिनाभर तो गाड्या कमी आणि खोली जास्त बघत होता. शेडचं तोंड त्याने फिरवलं. पुढची बाजू पत्र्याने बंद केली आणि गाड्या मागून, काजूंच्या बाजूने आत घ्यायला लागला. सायलेन्सरच्या तोंडाला लावायला एक लांब जाड नळी केली. तिचं दुसरं टोक झाडांपलीकडे उतारावर. खोलीला रंग दिला. पलंग आणला. एके दुपारी मला म्हणाला, "बाय, एक काम करशीत? अर्धो तास हय बस. वास येता काय ता सांग. माझ्या नाकाचो आता माका विश्वास नाय."

मी त्या खोलीत पलंगावर बसले. गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, हललं की कुरकुरायचं. खिडकी सताड उघडी. बाहेर त्याने एका टेम्पोचं इंजिन चढवलं. काही वास आला नाही. ओल्या चुन्याचा आणि रंगाचा येत होता, तेवढाच. मी खिडकीतून ओरडून सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. दुसरी गाडी लावली, तिचं इंजिन आणखी चढवलं, धावत खिडकीशी आला.

"आता?"

"नाय."

"खरा सांग. माका बरा वाटूचा म्हणान सांगा नको."

"मेस्त, खरंच नाय."

तो खिडकीचे गज धरून उभा राहिला. मग खिशातला साबण काढून हात धुवायला गेला, आणि हात स्वच्छच होते.

दिवाळीला आठ दिवस असताना खाणीचे ट्रक सुरू झाले. सुरू होणार असं लोक कधीचे म्हणत होते, वर्तमानपत्रांत येत होतं, पण इतक्यांदा आलं होतं की कुणी मनावर घेत नव्हतं. बार्जीच्या धक्क्याकडे जायची वाट त्याच्या शेडवरून. पहिल्या दिवशी लोक आनंदाने बघायला उभे होते. गावातल्या किती जणांचे ट्रक अंगणात गंजत पडले होते, त्यांना काम मिळालं. त्याला कोण कसं वाईट म्हणणार? आमच्या गटातल्या एकीचा नवराच कामावर लागला. शाबी मेस्ताला सगळे म्हणाले, मेस्त, आता तुझे दिवस आले.

तिसऱ्या दिवशी मी शेडवर गेले तर तो खोलीत उभा होता. पलंगावर नव्या उशीचा अभ्रा. त्यावर त्याने बोट ओढलेलं. पांढऱ्यावर खनिजाची लाल धूळ, आणि बोट गेलं तिथे पुन्हा पांढरं.

"दोडामार्गाक जावचा आसा," तो म्हणाला. "तुझी गाडी येवक शकता?"

रविवारी गेलो. मी चालवत होते. वाटेत तो थोडं बोलला, भाताचं पीक कसं आहे वगैरे.

शेवंतीच्या भावाचं घर रस्त्याला लागूनच. भाच्याच्या लग्नासाठी अंगणात मांडवाचे खांब पुरत होते. आम्ही उतरलो आणि ती बाहेर आली. मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, गोरी, केसांत अबोलीचा छोटा वळेसर. तिने आधी व्हॅनकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि आत गेली. परत आली ती पिशवी घेऊन. भरलेली, तोंड दोरीने बांधलेली. बरीच आधी बांधून ठेवली असावी.

"दिवाळी झाल्यार म्हटला होता," ती म्हणाली. "पण गाडी हाडलास तर आताच जावया."

तो अंगणात उभा. नजर व्हॅनच्या बॉनेटवर.

"ट्रक सुरू झाले," तो म्हणाला. "धूळ परत इली. तू येव नको."

खांब पुरणारी माणसं थांबली. शेवंती पिशवी हातात धरून उभी होती. मग इतक्या सरळ आवाजात बोलली की मला तो आवाज अजून ऐकू येतो.

"लगीन झाला तेव्हाय तुमी ह्याच सांगितलास."

मला वाटलं, आता ही म्हणेल की धूळ तर धूळ, मी येते. तोही हेच ऐकायला थांबला होता का, कोण जाणे. मग तिला खोकला आला. फार नाही, दोनदाच. तिने पिशवी खाली ठेवली. "च्या टाकतंय," म्हणाली आणि आत गेली.

चहा प्यायलो. भावाने लग्नाचं आमंत्रण मलाही दिलं. निघताना ती दारापर्यंत आली. नवऱ्याला म्हणाली, "जेवणाचे हाल करू नकात." मला म्हणाली, "बाय, गाडी सांबाळून." बस, एवढंच.

परतताना गाडी तो चालवत होता. पाऊण तास. आत कुठलाही दिवा लागलेला नव्हता, गाडीत काही बिघाड नव्हता. तो एक अक्षर बोलला नाही. मी दोनदा काहीतरी काढलं. त्याने मान हलवली. डिचोली आली.

त्या वर्षाच्या शेवटी आमच्या शाळा बदलल्या. दुसऱ्या बाजूच्या मिळाल्या, चांगल्या रस्त्याच्या, लांबलांब अंतराच्या. व्हॅन आपोआप तापायला लागली आणि माझं त्या वाटेला जाणं संपलं. भेटायला जायचं मनात असायचं. मनात असतं तसंच राहिलं.

एकदाच गेले, नार्व्याला देवदर्शनाला, दुपारी. ट्रकांची रांग धक्क्याकडे चालली होती आणि मला शेडच्या अलीकडेच थांबावं लागलं. शेडच्या मागे एकही गाडी नव्हती. नवे ट्रक, त्यांची दुरुस्ती त्यांच्या मोठ्या वर्कशॉपात, मेस्ताकडे कोण येणार? तो रस्त्याच्या कडेला उभा होता. हातात बालदी. खोलीच्या समोर, जेवढ्या लांबीची खोली तेवढ्याच रस्त्यावर तो पाणी शिंपडत होता. ओंजळीने, अंगणात सडा घालतात तसं. एक टोक भिजेपर्यंत दुसरं वाळत होतं. ट्रक त्या ओल्यावरून जायचा, चाकांना चिकटून माती उडायची, आणि तो मागे सरून ट्रक जाऊ द्यायचा.

मी हॉर्न दिला. इतक्या हॉर्नांत त्याला कळला नसावा. रांग हलली, मागचा ओरडायला लागला, मला गाडी पुढे घ्यावी लागली. मी त्याच्या शेजारून गेले तेव्हा बालदी रिकामी झाली होती आणि तो नळाकडे चालला होता, घाई नसलेल्या माणसासारखा, पाठमोरा.